हर्षद अधिक एक कान

हर्षद पहिल्यांदा आमच्या दुकानात आला तेव्हा त्याच्या मोबाइलवर एका हसऱ्या तरुणाचा फोटो होता. मी तो पाहिला आणि माझ्या आयुष्यातलं पहिलं प्रेमाचं वाक्य बोलले —

"बॉर्डर फुलांची हवी की समयांची?"

त्याने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"फुलांची घ्या. समयांच्या उजेडात चेहरा काळपट येतो. तारखा सांगा, जन्म आणि मृत्यू."

"जन्माची आहे," तो म्हणाला. "दुसरी… नाय."

"नंतर पाठवलीत तरी चालेल."

"नंतर पण नाय." त्याने मोबाइल काउंटरवर अलगद ठेवला, जणू फोटोतला माणूस झोपला होता. "वाढदिवसाचा बॅनर हवाय. भावाचा. आईने सांगितलंय."

माझी चूक नव्हती. निदान पूर्ण नव्हती. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या रस्त्यावर आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेडियमचं दुकान आहे. बोटींची नावं, गाड्यांचे नंबर, बॅनर. लोक ज्याला रेडियम म्हणतात ते व्हिनाइल असतं, पण 'व्हिनाइलचं दुकान' म्हटलं तर गिऱ्हाईक पुढे चालत जातं. जुलैत मासेमारी बंद आणि बोटी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या. त्या दिवसांत आमच्याकडे दोनच प्रकारची माणसं येतात. पुढारी जन्मलेले असतात आणि बाकीचे गेलेले असतात. हर्षदच्या चेहऱ्यावरून तो पुढाऱ्याकडून आलेला वाटला नाही.

बॅनरवरच्या पोराची गोष्ट मला त्याच संध्याकाळी आप्पांनी सांगितली. त्याचं नाव नितेश. गेल्या हंगामात जाळं ओढताना तो बोटीवरून पाण्यात गेला. बोट परत आली, तो आला नाही. गावातल्या बोटी शोधत फिरल्या, मग हळूहळू फिरायच्या थांबल्या. त्याची आई, कमळाकाकू, तेवढी थांबली नव्हती. तिचं म्हणणं एकच — पोहतो तो. कुठेतरी लागला असेल किनाऱ्याला.

आमच्या साच्यातला मजकूर होता, 'आपणांस उदंड आयुष्य लाभो.' मी त्या ओळीसमोर बराच वेळ बसले. शेवटी तशीच ठेवली. ती काढली असती तर निकाल मी दिल्यासारखा झाला असता, आणि मी तर फक्त छपाई करते.

हर्षद बॅनर न्यायला आला, ओळ वाचली, आणि माझ्याकडे बघितलं. मी प्रिंटरकडे बघितलं. "धन्यवाद," तो म्हणाला, आणि पावसात बॅनर पोटाशी धरून गेला. स्वतः भिजला. बॅनर प्लॅस्टिकचा होता, माणूस नव्हता — पण तेवढं त्याच्या लक्षात आलं नाही. मला मात्र तेव्हाच काहीतरी झालं. मला वाटलं ॲसिडिटी असेल.

*

एमआयडीसीत एक बंद पडलेला काजूचा कारखाना आहे. तिथे कोणीतरी लेसर कटर, व्हिनाइल कटर आणि थोडे कॉम्प्युटर आणून ठेवले आणि त्याला लॅब म्हणायला सुरुवात केली. आप्पांनी मला तिथे पाठवलं. "रेडियम कापता येतं तुला. आता लाकूड काप, पुठ्ठा काप. लोकांचे नुसते जन्ममृत्यू छापून किती दिवस चालायचं?"

लॅबमध्ये अजून काजूच्या टरफलांचा वास होता, आणि त्यात जळलेल्या प्लायवुडचा. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर खिडकीशी हर्षद. मला बघून तो उभा राहिला. मग उभं का राहिलो हे न कळून बसला.

"तुम्ही इथे?" मी विचारलं.

"आई बोटीवर चढू देत नाय. म्हणाली, दोन्ही पोरं एकाच पाण्याला देणार नाय. काहीतरी कोरडं शीक."

मी बाहेर बघितलं. पाऊस आडवा पडत होता. रत्नागिरीत जुलैमध्ये कोरडं शिकायचं म्हणजे लेसरच.

शिकवायला देवरूखचे केतन सर होते. बारीक माणूस, आवाज मात्र माईक नसताना माईक असल्यासारखा. "आकडा लिहायचा नाही," ते म्हणाले. "आकड्याला नाव द्यायचं आणि नाव लिहायचं. पुठ्ठ्याच्या जाडीला म्हणा 'जाडी'. मग जिथे जिथे खाच, तिथे तिथे 'जाडी'. उद्या पुठ्ठा बदलला तर एक आकडा बदला, सगळं चित्र स्वतःहून बदलतं. याला म्हणतात पॅरामेट्रिक डिझाइन."

"आणि आकडा दिलाच नाही तर?" हर्षदने विचारलं.

"तर त्याच्यावर अवलंबून असलेलं काहीच उभं राहत नाही. सगळं लाल होऊन बसतं."

हर्षदने मान डोलावली. हे त्याला आधीपासून माहीत असल्यासारखी.

मग सरांनी नियम सांगितले. व्हिनाइल लेसरमध्ये घालायचं नाही, त्यातून क्लोरीन निघतो. आधी तुम्ही जाल, मग मशीन, आणि मशीन महाग आहे. लेसर चालू असताना त्याच्यावरून नजर हटवायची नाही, पुठ्ठा पेट घेतो. आणि किरण जिथे जाळत जातो तिथला केसभर भाग नाहीसा होतो, तो मापात धरायचा. "जाळण्यात जे जातं ते आधीच धरून चाला," सर म्हणाले. "नाहीतर जोड सैल बसतात."

किती जातं हे कळायला प्रत्येकाने पुठ्ठ्याचा एक कंगवा कापायचा होता, प्रत्येक फट आधीच्यापेक्षा जराशी रुंद. त्यात दुसरा तुकडा खोचून बघायचा. "हाताने बसला पाहिजे, आणि हलवल्यावर सुटता कामा नये. तो आपला जोड." सगळा वर्ग अविवाहित होता. सगळ्यांनी खाली बघितलं.

आमच्या वाट्याला एक कॉम्प्युटर आला, दोघांत. हर्षदने कंगवा कापला, पुठ्ठा खोचून माप घेतलं आणि मग कंगवा माझ्याकडे सरकवला.

"घ्या."

"मला कशाला?"

"केस… म्हणजे पावसात तुमचे —"

"पुठ्ठ्याच्या कंगव्याने केस विंचरू?"

"नाय, तसं नाय. ठेवा नुसता."

मी ठेवला. त्या दिवसापासून आम्ही 'तू'वर आलो. पुठ्ठ्याचा कंगवा घेतल्यावर माणूस 'तुम्ही' कसा म्हणणार?

*

बाकीचे दिवे, पेन ठेवायचे डबे, मोबाइलचे स्टँड बनवत होते. मी बोटींच्या नावांच्या पाट्या बनवत होते. हर्षदच्या पडद्यावर मात्र उभे-आडवे काप दिसायचे, एकमेकांत खोचलेले, एखाद्या मोठ्या माशाच्या सापळ्यासारखे.

"सुरमई?" मी विचारलं.

"माणूस."

"कोण?"

"दादा."

मी खुर्ची जवळ ओढली. त्याने पडद्याकडे बघतच सांगितलं. देह मिळाला नाही तर दर्भाची बाहुली करून तिला अग्नी द्यायचा असतो, डोक्याच्या जागी नारळ ठेवून. भटजींनी ते घरी सांगितलं होतं. आईने भटजींना पायऱ्या उतरायला लावल्या. "गवताचा होता काय माझा पोर?" म्हणाली. "तेच्यासारखा काय तरी दिसतो काय त्यात?"

"मग मी म्हटलं, तेच्यासारखा करतो. मापाचा. पोकळ करायचा, आत दर्भ भरायचा. भटजी हो म्हणाले. आई… नाय पण म्हणाली नाय."

"आणि नाहीच म्हणाली तर?"

"तर दादा असाच राहणार. ना इकडे ना तिकडे." तो थांबला. "आणि दादाचं काय ते झाल्याशिवाय माझं काय पण व्हायचं नाय, रुचिरा. कोणाला काय विचारायचं म्हटलं तरी…"

"कोणाला विचारायचंय?"

"असंच. कोणाला पण."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्याचे कान लाल झाले होते. मी माझ्या पाटीवरच्या 'श्री'कडे इतक्या काळजीने बघितलं की देवालाही संकोच वाटला असता.

पडद्यावर तक्ता होता. जाडी, खांदा, छाती, पाय. सगळी मापं एका 'उंची'वर टांगलेली, आणि उंचीसमोर काहीच नाही. सगळा नितेशदादा लाल.

"उंची किती होती?"

"तेच तर. कोणालाच माहीत नाय. पंचवीस वर्षं एका घरात राहिलो, एकदा पण मोजला नाय त्याला. आई म्हणते ताडासारखा. आत्या म्हणते बेताचा."

"तुझ्यापेक्षा उंच होता?"

"व्हय. बाजूला उभा राहिला की माझा कान तेच्या हनुवटीला… नाय, थांब." तो उभा राहिला, डोळे मिटले आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे किंचित वळला. तिथे कोणीच नव्हतं. तरी तो कोणाच्या तरी इतका जवळ उभा होता की मी मागे सरकले. "माझं डोकं संपतं ना, तिथून वर एक कान. माझा कान."

"नक्की?"

"तो माझ्या डोक्यावर हनुवटी घासायचा. मुद्दाम. मी चिडायचो."

म्हणून मी टेप काढली. आधी त्याला भिंतीला टेकवून उंची मोजली. त्यासाठी स्टुलावर चढावं लागलं आणि माझी ओढणी त्याच्या तोंडावर आली. त्याने ती बाजूलाही केली नाही. बहुधा श्वासही घेतला नाही. मग कान. माणसाचा कान मोजायचा तर फार जवळ जावं लागतं, आणि कान लहान असला तरी वेळ बराच लागतो.

"हलू नको."

"तू हसतेयस."

"मी माप घेतेय."

"मापाला एवढा वास का येतोय… मोगऱ्याचा?"

"गप. मिलिमीटर चुकेल."

मी तक्त्यात लिहिलं: उंची = हर्षद + कान. एंटर दाबलं. पडद्यावरचा सगळा लाल सापळा एकदम काळा झाला आणि उभा राहिला, पायापासून खांद्यापर्यंत, बिनडोक्याचा. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. मग हर्षद बाहेर गेला आणि पत्र्याखाली पाठ करून उभा राहिला. मी त्याच्यामागे गेले नाही. पंचवीस वर्षांत न मोजलेला भाऊ माझ्या टेपने मोजला गेला होता, आणि ते त्या दोघा भावांचं खाजगी होतं.

*

त्यानंतर थोड्या दिवसांनी कमळाकाकू आमच्या दुकानात आल्या. हातात पिशवी, पिशवीत ओली छत्री, चेहरा दगडाचा. मला वाटलं, पुन्हा बॅनर.

"तूच काय रुचिरा?"

"हो काकू. बसा."

बसल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, बाजारात मासा बघतात तसं, कल्ल्यांपर्यंत.

"हर्षद घरात तुझंच बोलतो. रुचिराने असं केलं, रुचिराने तसं केलं. म्हणून बगायला आलंय. पोरगी चांगली हाय. हात चालतो." त्यांनी पदर सारखा केला. "तर मी विचारायला आलंय, तुझ्या बापसाला पण आणि तुला पण. आमच्या नितेशसाठी."

आत प्रिंटरच्या मागे आप्पांच्या हातातलं काहीतरी खाली पडलं. बराच वेळ गडगडत गेलं.

"नितेश…साठी?"

"मोठ्याचं आदी. मोठा बसलेला असताना धाकट्याचं कसं करू? लोक काय म्हणतील? तो आला की लगेच साखरपुडा. तोवर बोलणी तरी करून ठेवू."

मला आजवर दोन स्थळं आली होती. एकाला टक्कल होतं आणि एकाला दुबई. हे तिसरं. त्याला फक्त जमीन नव्हती, पायाखालची. हसू यायला हवं होतं, पण काकूंच्या डोळ्यांत वेड नव्हतं. वेड असतं तर सोपं गेलं असतं. तिथे हिशोब होता, अगदी चोख. जोवर त्याच्यासाठी पोरगी बघतेय तोवर तो मेलेला नाही, हा हिशोब.

हो म्हटलं तर एका आईला अजून एक वर्ष मिळालं असतं. कदाचित दहा. आणि हर्षद लॅबमध्ये लाल सापळ्यासमोर म्हातारा झाला असता.

"काकू," मी म्हणाले. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "स्थळ चांगलं आहे. पण मला धाकटा हवाय."

पाऊस थांबला नाही, वीज चमकली नाही. रस्त्यावरून बर्फाचा टेम्पो गेला तेवढाच.

"मग मोठ्याचं काय करू?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच विचारलं, जसं सामान जास्त झालं की विचारतात, कुठे ठेवू.

"मोठ्याला आधी पोचवू या. नीट. त्याच्या मापाने. तुम्ही एकदा येऊन बघा तरी."

त्या उठल्या. छत्री पिशवीतच ठेवून पावसातून चालत गेल्या. आप्पा प्रिंटरमागून बाहेर आले, त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "रुचे, गिऱ्हाइकाशी असं बोलतात?" मग थोड्या वेळाने, "बरोबर बोललीस."

*

त्या आल्या. लॅबच्या दारात चपला काढल्या. केतन सर नको नको म्हणेपर्यंत अनवाणी आत. हर्षदने खुर्ची दिली. पडद्यावर नितेशदादा उभा होता, आता आम्ही त्याला हातही दिले होते.

काकूंनी बराच वेळ बघितलं.

"हा बारीक हाय."

हर्षदने 'छाती'चा आकडा वाढवला. पडद्यावरचा माणूस श्वास घेतल्यासारखा फुगला. काकू मागे सरकल्या. मग पुढे झुकल्या.

"आजून. जाळी ओढून ओढून छाती भरलेली तेची… नाय, एवढा नाय. हां. खांदे?"

"हे खांदे."

"उजवा जरा खाली कर. पोती वाहून वाहून गेलेला."

खांदा एकच आकडा होता, दोन्हीकडे सारखा. हर्षद अडला. मी माउस घेतला, 'उजवा खांदा' अशी वेगळी ओळ केली. आकडा कमी केला. माणूस किंचित कलला, आणि हर्षदच्या तोंडून "अरे" असं निघालं, कारण आता तो कोणाचा तरी उभा राहायचा ढंग झाला होता.

"हातावर गोंदलेलं व्हतं," काकू म्हणाल्या.

"शार्क," हर्षद म्हणाला. "शार्क सांगितला होता. गोंदणाऱ्याने बांगडा काढला."

काकू हसल्या. इतक्या अचानक की केतन सर दचकले. "मी म्हटलंवतं तेला, निदान पापलेट तरी काढायचा!"

मी मोबाइलवरच्या फोटोवरून तो बांगडा व्हिनाइलवर कापला. नको ते चिमट्याने सोललं, उरलेला साचा पुठ्ठ्याच्या दंडावर चिकटवला, आत शाई पुसली आणि साचा काढून घेतला. व्हिनाइल जाळायचं नाही हा सरांचा नियम, मग चितेवरही नको. खाली निळा बांगडा राहिला, शार्क व्हायची इच्छा असलेला. काकूंनी त्याच्यावरून बोट फिरवलं. शाई ओली होती, बोटाला लागली. त्यांनी पुसली नाही.

मग त्या पडद्याकडे वळल्या. हर्षद आकड्यावर बोट ठेवून वाट बघत होता, पुढे काय वाढवायचं, काय कमी करायचं. काकूंनी शाईचं बोट पडद्यावरच्या खांद्याजवळ नेलं आणि तसंच ठेवलं. किती वेळ, मी मोजलं नाही.

"हां," त्या शेवटी म्हणाल्या. "हा." आणि मग, "आता कापा."

लेसर सुरू झाला. नियमाप्रमाणे आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो, म्हणून कोण रडतंय हे कोणी बघितलं नाही.

*

विधीच्या दिवशी सकाळी नितेशदादा त्यांच्या ओटीवर आडवा होता. पुठ्ठ्याचा, आत दर्भ भरलेला, वर नवा पांढरा कपडा, बांगडा तेवढा बाहेर. गल्ली भरलेली. भटजी तयार. ओटीच्या टोकाला भागोजी न्हावी हर्षदची मिशी काढत होता. फक्त नारळ बसवायचा राहिला होता. तो काकूंनी स्वतः निवडला होता. म्हणे, बाजारात सगळे नारळ हातात घेऊन बघितले आणि एकाला म्हणाल्या, हाच.

भटजींनी नारळ मानेच्या कड्यात ठेवला. नारळ कड्यातून सरळ आत गेला आणि छातीत पडला. दर्भात पडल्यामुळे आवाज झाला नाही. पण सगळ्यांनी ऐकला.

चूक माझी होती. कड्याचं माप मी घेतलं होतं, दुकानामागच्या माडाच्या नारळावरून. असोल्या नारळावरून — सोडण, शेंड्या, सगळं धरून. पूजेला नारळ सोललेला असतो हे रत्नागिरीतल्या गाईलाही माहीत आहे. ज्या घरात नारळ विकत आणतात तिथल्या मुलीने ही चूक केली नसती.

"कपडा कोंबा," कोणीतरी म्हणालं.

"नाय," काकू म्हणाल्या. "माप म्हंजे माप."

मी नारळाला टेप लावली आणि स्कूटर काढली. मागे कोणीतरी बसलं. मला वाटलं, आप्पा. वळणावर कळलं की हर्षद आहे, धोतरात, वर रेनकोट, आणि भागोजी हातात वस्तरा घेऊन अर्ध्या गल्लीपर्यंत आमच्यामागे धावला होता. कारण हर्षदची अर्धी मिशी अजून होती. डाव्या बाजूने तो सुतकात होता, उजव्या बाजूने कॉलेजात.

लॅब उघडायला केतन सर पायजम्यात आले. मी 'नारळ'चा आकडा बदलला. कडं आकसलं, मान आकसली, खांद्यांशी नीट जुळली. पुठ्ठा ठेवला, झाकण लावलं, आणि लेसर निघाला.

"रुचिरा —"

"मशीनकडे बघ."

"बघतोच आहे." तो थांबला. "मला एक सांगायचं होतं… म्हणजे आज सांगायचा दिवस नाय, माहीत आहे —"

"नाहीच आहे."

"पण आता सुतक. मग सुतकात कसं बोलणार? मग गणपती. मग सगळी विचारतील —"

"हर्षद, कड्याला फार वेळ लागत नाही. बोलायचं तर बोल."

काचेखाली निळसर ठिणगी पुठ्ठ्यावरून गोल फिरत होती. धुराचा गोडसर वास. अर्ध्या मिशीकडे बघायचं नाही, हे नियमामुळे सोपं झालं होतं.

"मला तू आवडतेस," तो ठिणगीला म्हणाला. "बॅनरवरची ती ओळ काढली नव्हतीस ना, तेव्हापासून."

"मी तुझ्या आईला आधीच सांगितलंय."

"काय?"

"मशीनकडे बघ."

"आईला काय सांगितलंस?"

"की मला धाकटा हवाय."

तो वळला. पूर्ण वळला, मिशी असलेल्या बाजूने. आणि मीही वळले, काय करणार. आम्ही एकमेकांकडे बघितलं तेवढ्यात पुठ्ठ्याने पेट घेतला.

केतन सरांनी पायजमा सावरत धाव घेतली, झाकण उघडलं, ओलं फडकं मारलं. ज्वाला लहानशी होती. कडं वाचलं. एका बाजूने काळं पडलं, माप मात्र बरोबर.

"नियम," सर म्हणाले, "कशासाठी असतात?" मग त्यांनी हर्षदची मिशी बघितली आणि पुढचं सगळं माफ केलं.

*

काकूंनी कडं हातात घेऊन फिरवलं. "हे काळं कशानं?"

"नजर हटली," हर्षद म्हणाला.

काकूंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. कडं स्वतः मानेत बसवलं आणि नारळ स्वतः ठेवला. तो बसला. त्यांनी जरा हलवून बघितला. सुटला नाही.

"सावकाश जा रे," त्या त्याला म्हणाल्या.

भागोजीने उरलेली मिशी काढली. चौघांनी तिरडी उचलली आणि चौघंही दचकले, कारण तिला वजनच नव्हतं. खांद्याला वजन लागावं म्हणून की काय, ते मुद्दाम जड पावलं टाकत निघाले. पुठ्ठा भिजू नये म्हणून आप्पांनी दुकानातला एक न नेलेला फ्लेक्स वर धरायला दिला होता. एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा. भावी नगरसेवक हात जोडून खाली बघत होता, थेट नितेशदादाकडे, आणि मला वाटतं, त्या माणसाने आयुष्यात एवढा खरा नमस्कार कोणाला केला नसेल.

पुढे हर्षद, हातात विस्तवाचं मडकं. त्याने मागे बघायचं नसतं. त्याने बघितलं नाही.

वळणावरून फ्लेक्स दिसेनासा झाला आणि काकू खाली बसल्या. त्यांच्या तोंडून तेव्हा जो आवाज आला, तो मला कुठल्याच वाक्यात बसवता येत नाही. गंमत करायची सवय आहे मला. तिथे ती उपयोगी पडली नाही. मी त्यांची पाठ धरून ठेवली, एवढंच.

त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नसते. स्मशानातून माणसं आली की जेवण बाहेरून येतं, आणि पहिला घास सोयऱ्यांकडचा लागतो. शेजारच्या भागूबाई दारात उभ्या राहून हळहळत होत्या, "हिचे सोयरे कुठले आणायचे गो? एका पण पोराचं लगीन झालं नाय. आता आम्हीच देतो काय ते."

मी तोवर घरी जाऊन आले होते. आप्पा आणि मी भाताचं पातेलं आणि पिठल्याची कढई घेऊन आलो तेव्हा माणसं परतली होती, अंगणात पाय धुऊन ओळीने बसली होती. हर्षद भिंतीला टेकून होता. ओठावर नवी गोरी जागा, डोळे धुराचे.

भागूबाईंनी आप्पांना अडवलं. "तुम्ही कोण व्हायचे ह्यांचे?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी हर्षदकडे. हर्षद उठायला लागला, पण काकू आतून बोलल्या.

"येऊ दे त्येनला. सोयरे हायत."

भागूबाई बाजूला झाल्या. आप्पा चप्पल काढून आत गेले, कढई काकूंसमोर ठेवली, आणि मी वाढलं. पिठलं भातावर कमी आणि पाटावर जास्त पडलं. काकूंनी घास घेतला. सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. सकाळपासून त्यांच्या पोटात पाणीसुद्धा गेलं नव्हतं.

त्यांनी गिळला. दुसरा घेतला.

"कोणी केलंय?"

"मी," मी म्हणाले.

"मीठ कमी हाय," काकू म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, ताटाकडे बघतच, "आसूं दे. शिकशील."

हर्षदने ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला.